नळाच्या बंदुका

लढाई संपल्यावर पंधरा वर्षं क्लेमेन्स ओनावीनं बंदुकीला हात लावला नव्हता. बोटींची इंजिनं, लाकूड कापायच्या करवती, कोको वाळवायच्या भट्ट्या, मिशनच्या शाळेचा जनरेटर, काहीही बिघडलं की लोक डोंगर चढून त्याच्याकडे यायचे. खाणीच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला फिटर तो. त्या खाणीवरूनच लढाई पेटली होती, आणि ती बंद पडून आता चोवीस वर्षं झाली होती. डोंगराच्या पोटात एक भलामोठा खड्डा तेवढा उरला होता. तळाशी हिरवंनिळं पाणी आणि काठावर घराएवढे ट्रक गंजत उभे. तो खड्डा बघूनच सिनेमावाले ऑस्ट्रेलियातून आमच्या बोगनविल बेटावर आले. त्यांना परग्रहावरची खाण हवी होती. आमच्याकडे ती तयारच होती.

दिग्दर्शक पोरगेला होता, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं चर्चपुढच्या मैदानात सगळ्या गावाला बसवून सिनेमाची गोष्ट सांगितली. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर एक कंपनी धातू काढते, नद्या नासवते, मजूर उठाव करतात, मग कंपनी त्यांच्यावर सैनिक सोडते. शंभरेक माणसं मुकाट ऐकत होती. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "ही गोष्ट तू आम्हाला सांगतोस होय रे बाबा? ये इकडं, आम्हीच तुला सांगतो." हशा पिकला, पण लगेच विरला.

अडलं ते बंदुकांपाशी. कंपनीच्या सैनिकांसाठी ग्लेनिस नावाच्या बाईनं सिडनीहून अठरा बंदुका आणल्या होत्या. साठीची, आखूड केसांची, पुरुषासारखे बूट घालणारी ही बाई सिनेमांतल्या हत्यारांचंच काम बघायची. बंदुका मूळच्या खऱ्याखुऱ्या लष्करी. त्यांच्यावर राखाडी प्लास्टिकची कवचं चढवलेली, नळ्या जोडलेल्या, बाजूला निळे दिवे बसवलेले. नळीचं तोंड बुजवलेलं होतं, त्यामुळं नुसता जाळ आणि आवाज निघायचा. पण कवच काढलं की आत तीच. आमच्या म्हाताऱ्या बायकांना ते एका नजरेत कळलं.

"वेष बदलला म्हणून साप काय गांडूळ होतो?" त्यातली एक म्हणाली. "सगळ्या जगासमोर आपण बंदुका टाकल्या. आणि आता ह्या विमानातून आणायच्या?"

तीन दिवस बैठक चालली. शेवटी तोड निघाली ती अशी, की लढाईनंतर हत्यारं गोळा केली तेव्हा जसं केलं होतं तसंच करायचं. बंदुका लोखंडी कंटेनरमध्ये, कंटेनरला दोन कुलुपं. एक किल्ली ग्लेनिसकडे आणि दुसरी थेक्लाकडे. रोज सकाळी दोघींनी मिळून उघडायचं, अंधार पडायच्या आत दोघींनी मिळून लावायचं.

थेक्ला म्हणजे क्लेमेन्सची थोरली बहीण. आमच्यात जमीन बायकांची, आणि कूळही आईचंच. त्यामुळं त्या खोऱ्यात थेक्लाचा शब्द मोडून कोणी झाडसुद्धा तोडत नसे. बासष्ट वर्षांची, हाडापेरानं दणकट, बोलायला कमी. तिला मुलगी एक, रोझा, ती लग्न करून समुद्राकाठी गेलेली. आणि मुलगा एक, मेल्किओर. तो लढाईच्या चौथ्या वर्षी गेला, एकोणीस वर्षांचा असताना. आमच्यात मुलगा बापापेक्षा मामाचा जास्त. मामाची जागा भाचाच चालवतो. क्लेमेन्सला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, आणि मेल्की असेपर्यंत ते त्याला कधी जाणवलंही नव्हतं.

सिनेमातल्या मजुरांसाठी ग्लेनिसनं प्लास्टिकच्या बंदुका आणल्या होत्या. गंजासारखा रंग दिलेल्या, तारा गुंडाळलेल्या. गावचे मुखिया सिप्रियन यांनी एक उचलून खाली-वर केली.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले. "पण हिला बघून डुक्करसुद्धा पळायचं नाही."

"मला माहीत आहे," ग्लेनिस म्हणाली. "ज्यानं केल्या त्यानं उभ्या जन्मात गरज म्हणून काही बनवलेलं नाही. तुमच्याकडे कोणी आहे?"

सगळ्यांनी क्लेमेन्सकडे पाहिलं.

लढाईत सरकारी सैन्यानं नाकेबंदी केली त्या वर्षांत बेटावर मीठ येत नव्हतं, औषध येत नव्हतं, तिथं बंदुका कुठल्या यायला? क्लेमेन्सनं त्या बनवल्या. पाण्याचे नळ, दाराच्या कड्या, पलंगाचे पाय, सायकलच्या ट्यूबचं रबर. जुन्या महायुद्धात जपान्यांनी टाकून दिलेला गंजका माल रानातून उकरून तो नारळाच्या तेलात महिना महिना बुडवून ठेवायचा. पोरं त्याच्या झोपडीपुढं रांग लावायची. प्रत्येक बंदूक निराळी, आणि कुठली कुणाची ते अंधारात हात लावून सांगता येई.

"मी नाही करणार," क्लेमेन्स म्हणाला. "विसरलो मी ते सगळं."

त्या संध्याकाळी थेक्ला त्याच्या अंगणात आली. रताळ्यांची टोपली खाली ठेवून ती पायरीवर टेकली.

"नाही का म्हणालास?"

"ताई, ते हात धुऊन टाकले मी."

"गोळी सुटायची नाहीये त्यातून. खेळणी आहेत. उद्या सिनेमा जगभर जाईल. तिथं आपल्या पोरांच्या हातात त्या प्लास्टिकच्या काठ्या दिसायला हव्यात का? आपण कशानं लढलो ते तरी दिसू दे." मग ती म्हणाली, "मेल्कीच्या हातात जशी होती तशी कर एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेमेन्स नळ शोधायला खाणीच्या जुन्या वसाहतीकडे गेला.

महिन्याभरात त्यानं तेवीस बंदुका केल्या. ग्लेनिसची अट एकच होती: प्रत्येक नळीत आधी पोलादी दांडा ठोकून ती बंद करायची, मग बाकीचं काम. ती स्वतः येऊन प्रत्येक नळीत तार घालून बघायची. पहिल्या दोन बंदुका करताना क्लेमेन्सला आठवावं लागलं. तिसरीपासून हात आपले आपण चालायला लागले. पेरूचं लाकूड दस्त्याला, फणसाचं नको, ते उकलतं. कडी कुठं बसवायची. रबर किती ताणायचं. हातांना काही विसरायला झालं नव्हतं. त्याचीच त्याला भीती वाटली.

बंदुका मांडून ठेवल्या त्या दिवशी जुने लढवय्ये बघायला आले. आता ते पोट सुटलेले, दात गेलेले, कोको पिकवणारे बाप्ये. एकानं बंदूक खांद्याला लावली आणि ओरडला, "अरे, ही तर माझी म्हातारी!" दुसरा म्हणाला, "तुझी म्हातारी कधी वेळेवर उडाली नाही, तुझ्यासारखीच." सगळे खो खो हसले. त्यांच्यातला एक मात्र एक बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसला तो दुपारपर्यंत उठलाच नाही. ग्लेनिस लांब उभी राहून हे बघत होती. तिनं क्लेमेन्सला हळूच विचारलं, "लोक पूर्वी लांबून येत असतील ना तुझ्याकडे?"

"सगळे परत गेले नाहीत," क्लेमेन्स म्हणाला.

थेक्लानं सांगितलेली ती एक बंदूक त्यानं केली नाही. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, नीट आठवत नाही.

शूटिंगला गावचे चाळीस जण मजूर झाले. खड्ड्याच्या काठावर रोज निळे दिवे लुकलुकायचे, जाळ उठायचे, कंपनीचे सैनिक चढून यायचे, नळाच्या बंदुका घेतलेली आमची माणसं पडायची, आणि "झालं" असं ओरडलं की उठून चहा प्यायची. कंटेनरच्या सावलीत थेक्ला पाय पसरून विणत बसायची. आवाजांनी ती आधी दचकायची, नंतर दचकेनाशी झाली.

तिसऱ्या आठवड्यात दिग्दर्शकाच्या डोक्यात एक नवा प्रसंग आला. उठाव सुरू होतो, पहिली गोळी झाडायची वेळ येते, आणि एका तरुण मजुराची घरगुती बंदूक त्याच्या हातातच फुटते. त्याला वाटलं, याच्यानं बघणाऱ्याच्या काळजाला हात घातला जाईल. मजुराचं काम करणारा नट सिडनीचा होता, पोरसवदा, पिंगट केसांचा. तो बंदूक उडाल्यासारखी करायचा आणि हात वर फेकून मागं पडायचा. दिग्दर्शकाला ते पटेना. त्यानं क्लेमेन्सला बोलावलं.

"असं होत असे का खरंच?"

"कधीमधी."

"मग दाखव ना. हा कसा पडेल? नक्की काय होतं?"

क्लेमेन्स पुढं झाला. पुढं काय काय झालं ते त्यानं नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. नाही म्हणता आलं असतं, पाठ दुखते म्हणता आलं असतं. पण फिटरला कोणी विचारलं की हे कसं मोडतं, तर तो सांगतोच. त्यानं नटाच्या हातातली बंदूक सरळ केली.

"मागं नाही पडत," तो म्हणाला. "नळाला जोडाची शिवण असते. ती जिथं कच्ची असते तिथं फाटतो, इथं. तुझा डावा हात इथं असतो. ही तीन बोटं जातात. आणि गाल टेकलेला असतो दस्त्याला, हा, उजवा. ते हाड..." त्यानं स्वतःच्या गालावर तळवा ठेवला. "माणूस उडत वगैरे नाही. खाली बसतो. कुणी तरी हाक मारली असावी तसा बघत राहतो. मग ओणवा होतो."

आणि तो तसा खाली बसला. डावा हात पोटाशी धरून, उजवा डोळा मिटून, ओणवा झाला.

नट म्हणाला, "बाप रे." क्लेमेन्सनं मान वर केली, तर कंटेनरपाशी थेक्ला उभी होती. विणकाम तिच्या पायापाशी पडलं होतं.

लढाई संपल्यावर लोकांनी रानात पुरलेली आपापली माणसं घरी आणली होती. मेल्कीची हाडं थेक्लानं स्वतः मातीतून काढली, नारळाच्या पाण्यानं धुतली, पांढऱ्या कापडात बांधली. उजव्या गालाचं हाड चुरलेलं होतं. डाव्या हाताची तीन बोटं सापडलीच नाहीत. ती दिवसभर माती चाळत होती. तेव्हा क्लेमेन्स तिला म्हणाला होता, "रानडुकरांनी नेली असतील, ताई." आणि गाल? "सैनिकांची गोळी." मेल्की मेला तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं. ती यायच्या आधीच त्याला पुरलं होतं, पावसाळी हवेत देह ठेवता आला नसता असं म्हणून.

त्या दिवशी थेक्लानं नेहमीप्रमाणे ग्लेनिसबरोबर बंदुका मोजल्या, कुलूप लावलं. मग उताराच्या पायवाटेनं निघाली. क्लेमेन्स मागून चालत होता. ओढ्यापाशी ती थांबली, पण वळली नाही.

"सैनिक होते का तिथं?"

"होते. पुलापलीकडं."

"त्यांनी गोळी झाडली?"

"नंतर. आधी नाही."

"बंदूक कुणी केली होती?"

ओढ्याला पाणी बेताचंच होतं, तरी त्याचा आवाज मोठा वाटत होता.

"मी," क्लेमेन्स म्हणाला.

"शिवण कच्ची होती ते कधी कळलं तुला?"

या प्रश्नाला तो वीस वर्षं भीत होता, आणि इतक्या वर्षांत त्याला उत्तर काही बनवता आलं नव्हतं. "करतानाच," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पहाटे पुलावर जायचं होतं. दुसरा नळ नव्हता. वाटलं, एवढं एक वेळ धरेल."

थेक्ला ओढा ओलांडून गेली. त्या दिवसापासून तिनं त्याच्याकडं रताळी पाठवायची बंद केली. कोणाशी काही बोलली मात्र नाही. शूटिंग संपेपर्यंत रोज सकाळी येऊन ती कुलूप उघडत होती.

क्लेमेन्सनं फुटणारी बंदूक करून द्यायला नकार दिला. दिग्दर्शक नाराज झाला. ग्लेनिसनं काही विचारलं नाही. तिनं स्वतःच एका प्लास्टिकच्या बंदुकीत फटाक्याची पूड भरून तो प्रसंग उरकला. क्लेमेन्स त्या दिवशी आला नाही. थेक्ला आली होती. लोक सांगतात, तिनं डोळे मिटले नाहीत, शेवटपर्यंत बघितलं.

सिनेमावाले जायच्या आदल्या दिवशी पोलिसांसमोर नळाच्या तेवीसही बंदुका कापल्या. ग्लेनिसनं कापायचं यंत्र क्लेमेन्सपुढं धरलं. "तू करतोस?" त्यानं नकारार्थी मान हलवली, पण यंत्र घेतलं. ठिणग्या उडत होत्या आणि तो एकेक नळ शिवणीवरून कापत होता. शेवटचा तुकडा पडल्यावर ग्लेनिस म्हणाली, "तीस वर्षं मी हे काम करते. रोज नळीत तार घालून बघते. एकदा बघितली नाही, म्हणून बघते." एवढंच. कुठं, कोणाच्या बाबतीत, ते ना तिनं सांगितलं ना त्यानं विचारलं.

सिनेमावाले गेल्यावर क्लेमेन्स सिप्रियन मुखियांकडं गेला आणि सगळं सांगितलं. आमच्याकडे लढाईनंतर शेकड्यांनी समेट झाले. मारणाऱ्यानं सगळ्यांसमोर खरं बोलायचं, दोन्ही कुळांनी डुकरं द्यायची, शिंपल्यांच्या माळा द्यायच्या, मग दगड पुरायचा. दगड वर येईल तेव्हाच भांडण वर येईल. सिप्रियननी स्वतः असे तीस-चाळीस दगड पुरले होते.

त्यांनी सुपारी फोडली, चुना लावून तोंडात टाकली.

"डुक्कर कोण देणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

"कोणाला?"

"ताईला."

"तुझं कूळ कुठलं? तिचं कुठलं? मेल्कीचं कुठलं? एकच. तुझं डुक्कर ते तिचंच डुक्कर. इकडच्या हातानं घेऊन तिकडच्या हाताला द्यायचं, त्याला समेट म्हणत नाहीत, क्लेमेन्स. समेटाला समोर दुसरी बाजू लागते. तुमची बाजूच एक आहे."

"मग काय करायचं?"

"मला माहीत नाही," सिप्रियन म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. "शत्रू असतास तर सोपं होतं बघ."

पुढच्या महिन्यात थेक्ला खोरं सोडून समुद्राकाठी रोझाकडं राहायला गेली. जमिनीचं बघायला तिनं चुलत बहिणीला नेमलं. क्लेमेन्ससाठी निरोप नव्हता.

वर्षभरानं मिशनच्या शाळेत सिनेमा दाखवला. सगळा डोंगर लोटला होता. आपापले चेहरे दिसले की लोक किंचाळत होते, पडद्यावर मेलेल्यांसाठी टाळ्या वाजवत होते. क्लेमेन्स शेवटच्या बाकावर बसून वाट बघत राहिला. खड्डा आला, उठाव आला, पहिली गोळी झाडली गेली, पण ती दुसऱ्याच कोणीतरी, आणि ती नीट सुटली. बंदूक फुटायचा प्रसंग सिनेमात नव्हताच. कापून टाकला होता. तो पिंगट केसांचा नटही एकदाच कुठं तरी गर्दीत दिसून गेला. दिवे लागले तरी क्लेमेन्स बसून होता. कोणी विचारलं, "कसा वाटला रे?" तो म्हणाला, "लांब होता."

शनिवारी तो ट्रकच्या मागं बसून समुद्राकाठी गेला. थेक्ला रोझाच्या घरामागं चुलीपाशी नारळ खवत होती. तिनं त्याला पाहिलं, खवणं थांबवलं नाही. तो चार हातांवर जमिनीवरच बसला.

"लगेच गेला का तो?" तिनं विचारलं.

"नाही. आम्ही त्याला झोपडीत आणला. दुपारपर्यंत होता."

"मला का बोलावलं नाहीस?"

"तू अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतीस. बोलावता आलं असतं. नाही बोलावलं."

तिनं नारळाची वाटी बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"काही बोलला?"

क्लेमेन्सला वाटलं होतं, हे आपण कधीच सांगणार नाही. पण तो सांगायला लागला. "पाणी मागितलं. मग म्हणाला, 'मामा, माझं काही चुकलं का? गोळी उलटी घातली का मी?' दोन-तीनदा म्हणाला. मला धरून."

"तू काय म्हणालास?"

"गप्प बसलो."

"त्याला सांगितलं नाहीस?"

"नाही."

थेक्लाचे हात थांबले. ती समोरच्या नारळाकडं बघत राहिली. तिच्या गालावरून पाणी वाहिलं ते तिनं पुसलं नाही, आणि आवाजही काढला नाही. क्लेमेन्स उठून जाऊ शकला नाही आणि तिच्याजवळही जाऊ शकला नाही. शेवटी ट्रकचा भोंगा वाजला.

"जा," ती म्हणाली. "चुकेल तो."

पुढच्या महिन्यात तो परत गेला, आणि त्याच्या पुढच्याही. तिनं ये म्हटलं नव्हतं, येऊ नकोसही म्हटलं नव्हतं. कधी ती एखादी गोष्ट विचारायची: अंगात सदरा कुठला होता, डोकं कुठल्या बाजूला केलं. कधी काहीच विचारायची नाही, आणि तो नुसता रोझाच्या घराचं गळतं पन्हळ दुरुस्त करून परत यायचा.

एकदा तो पन्हळाशी चढलेला असताना शेजारीण कुंपणापाशी आली. दर महिन्याला हा म्हातारा येतो, काम करतो आणि न जेवता जातो, हे तिनं पाहिलं होतं. "थेक्ला, कोण गं हा?" तिनं विचारलं.

थेक्ला कपडे वाळत घालत होती. वर न बघता ती म्हणाली, "मेल्कीचा मामा."